लाहोर जिंकायला हवं होतं

बुधवार, ४ नोव्हेंबर १९८७. दिवेलागणीची वेळ. तुम्ही वरळीच्या बीडीडी चाळीत दुसऱ्या मजल्यावर उभे आहात. मधून लांब पॅसेज गेलाय, दोन्ही बाजूंना दहा-दहा खोल्या, प्रत्येक खोली १६० चौरस फुटांची. दिवाळी होऊन पंधरवडा होत आला तरी दारांवरचे कंदील अजून उतरलेले नाहीत, कारण त्रिपुरी पौर्णिमा उद्या आहे. सगळ्या पॅसेजमधल्या चपला एकाच दारापुढे जमल्यात. टीव्ही त्या खोलीत आहे.

आत पाय ठेवायला जागा नाही. तुम्ही उंबऱ्यावर टेकता. पोरं जमिनीवर, म्हातारी माणसं कॉटवर, बाया मोरीच्या बाजूला हातातली कामं घेऊन. टीव्हीजवळ खुर्चीत बसलेले काका गिरणीतले. १९८२ च्या जानेवारीत संप सुरू झाला तेव्हा जे बाहेर पडले, त्यांना पुन्हा आत घेतलं गेलं नाही. आता एका कारखान्यात रात्रपाळीला वॉचमन आहेत, पण आज आणि उद्या त्यांनी पाळी बदलून घेतलीय. संध्याकाळच्या मराठी बातम्या लागतात. ज्या स्टुडिओतून त्या येतात तो वरळीतलाच. २ ऑक्टोबर १९७२ पासून मुंबई दूरदर्शन तिथून चालतं आणि त्याचा मनोरा चाळीच्या गच्चीवरून दिसतो.

बातमी येते. लाहोरच्या गद्दाफी स्टेडियमवर उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाने पाकिस्तानला १८ धावांनी हरवलं.

आणि खोलीतून जो आवाज उठतो तो ऐकून तुम्ही चमकता. तो आनंदाचा नाही.

“गेलं की रे सगळं!” काका कपाळावर हात मारतात. “रविवारची मॅच गेली!”

“शेवटच्या ओव्हरला अठरा दिले म्हणे,” पॅसेजमधून कुणीतरी सांगतो. खरंच आहे ते. सलीम जाफरच्या शेवटच्या षटकात स्टीव्ह वॉने अठरा धावा काढल्या आणि बरोबर तेवढ्याच धावांनी पाकिस्तान हरलं.

“आता उद्या आपण जिंकलो तरी कलकत्त्याला ती मजा नाही,” कॉटवरची आजी म्हणते. तिला क्रिकेटमधलं फार कळत नाही, पण रविवारी कोण कोणाशी खेळणार हे तिने महिनाभर ऐकलंय. ईडन गार्डन्सवर भारत आणि पाकिस्तान. वरळीत, लालबागला, गिरगावात, कराचीत आणि लाहोरातही हा अंतिम सामना लोकांनी मनातल्या मनात कधीच खेळून टाकला होता.

मुंबईच्या चाळीत पाकिस्तान हरल्याची हळहळ. ती तुम्ही तुमच्या कानांनी ऐकावी म्हणूनच तुम्हाला इथवर आणलं. ही माणसं भाबडी नाहीत. त्यांनी १९६५ पाहिलंय, १९७१ मध्ये या खिडक्यांना काळे कागद चिकटवलेत. तरीही आज त्यांना लाहोर जिंकायला हवं होतं. हे कुठून आलं, ते बघायला चार वर्षं मागे जावं लागेल.

२५ जून १९८३, लंडन. लॉर्ड्सच्या हिरवळीवर माणसं धावत सुटलीत. भारताने जेमतेम १८३ केल्या होत्या आणि वेस्ट इंडिज १४० मध्ये आटोपलं. या गर्दीत नागपूरच्या एका गृहस्थांना शोधा. नरेंद्रकुमार प्रसादराव साळवे, तेव्हा भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे अध्यक्ष. पेशाने हिशेबतपासनीस, राजकारणाने काँग्रेसचे, मनाने पक्के क्रिकेटवेडे. आपला संघ जगज्जेता झालाय आणि त्यांच्या आनंदात एक काटा रुतून बसलाय. अंतिम सामन्यासाठी त्यांनी दोन जादा पास मागितले होते. यजमानांनी ते दिले नाहीत. आणि सदस्यांसाठी राखलेल्या जागा तर रिकाम्या दिसत होत्या.

दोन पास. एवढ्याशा गोष्टीवरून काय होतं, असं तुम्हाला वाटेल. पण अंतिम फेरीत पोचलेल्या देशाच्या मंडळाध्यक्षाला दोन खुर्च्या मिळत नाहीत, याचा अर्थ घर दुसऱ्याचं आहे आणि आपण पाहुणे आहोत. १९७५, १९७९, १९८३, तिन्ही विश्वचषक इंग्लंडमध्ये झाले होते आणि पुढचाही तिथेच होणार हे जगाने गृहीत धरलं होतं.

मग जेवणाच्या एका टेबलापाशी चला. साळवे यांच्यासमोर पाकिस्तानच्या क्रिकेट मंडळाचे प्रमुख बसलेत, निवृत्त एअर मार्शल नूर खान. हे नाव नीट ऐका. १९६५ च्या युद्धात पाकिस्तानच्या हवाई दलाचे प्रमुख होते ते हेच. त्या सप्टेंबरात यांची विमानं आपल्यावर आणि आपली त्यांच्यावर झेपावत होती. त्याला अजून अठरा वर्षं पुरती झालेली नाहीत. साळवे आपली सल बोलून दाखवतात, हा सामना आपल्याकडे झाला असता तर किती बरं झालं असतं. आणि पुढचा विश्वचषक आपल्याकडेच का नको, हा विचार त्या टेबलावर पुढे सरकतो. आपल्याकडे म्हणजे दोघांकडे.

या बैठकीतली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे तो ‘दोघांकडे’. भारताने एकट्याने मागितलं असतं तर पाकिस्तानचं मत मिळालं असतं का? पाकिस्तानने एकट्याने मागितलं असतं तर भारताने काय केलं असतं? दोघंही एकेकटे हरले असते, आणि एकमेकांच्या हातून हरले असते. एकत्र मागणी करायची, तर आपल्या घराची हमी पुरत नाही, शेजारच्या घराचीही द्यावी लागते. तिथल्या विमानतळाची, हॉटेलांची, पोलिसांची, गर्दीच्या वागणुकीची. म्हणजे त्या क्षणापासून लाहोरात शांतता नांदावी ही दिल्लीची गरज झाली आणि मुंबईत सगळं सुरळीत पार पडावं ही इस्लामाबादची.

पुढचं वर्ष भराभर ओलांडू. सप्टेंबर १९८३ मध्ये दिल्लीत आशियाई क्रिकेट परिषद उभी राहिली. श्रीलंकेला कसोटीचा दर्जा मिळून जेमतेम दोन वर्षं झाली होती, तोही या बाजूला आला. १९८४ मध्ये लंडनला आंतरराष्ट्रीय परिषदेपुढे प्रस्ताव गेला तेव्हा हरकती तयारच होत्या. अंतरं फार आहेत. दिवस लहान आहे, आमच्याकडे उन्हाळ्यात रात्री नऊपर्यंत उजेड असतो, तुमच्याकडे साठ-साठ षटकं एका दिवसात कशी बसणार? उत्तर सोपं निघालं: षटकं पन्नास करा. आज सगळं जग एकदिवसीय सामना म्हणजे पन्नास षटकं असं मानतं. विश्वचषकात तो आकडा आला तो आपल्या लवकर मावळणाऱ्या सूर्यामुळे. शिवाय दोघांनी मिळून पैसे घसघशीत देऊ केले, मोठ्या देशांना आणि ज्यांना कोणी विचारत नव्हतं त्या छोट्या सहसदस्य देशांनाही. मतदान झालं आणि विश्वचषक पहिल्यांदा इंग्लंडबाहेर पडला.

फुटबॉलवाल्यांना हे आवर्जून सांगावंसं वाटतं. दोन देशांनी मिळून यजमानपद मागायचं, ही आज तिकडे रुळलेली रीत आहे. बेल्जियम आणि नेदरलँड्सने २००० चा युरो भरवला. जपान आणि दक्षिण कोरिया एकमेकांविरुद्ध झगडत होते, तेव्हा १९९६ मध्ये फिफाने त्यांना एकत्र बसवलं आणि २००२ चा विश्वचषक वाटून दिला. त्या दोघांमध्येही इतिहासाचं ओझं होतंच. २०२६ चा तर तीन देशांना मिळाला. पण फुटबॉलच्या विश्वचषकाला दोन यजमान मिळण्याच्या पंधरा वर्षं आधी, ज्यांच्यात तीन युद्धं होऊन गेली होती अशा दोन देशांनी हे करून दाखवलं, आणि कोणी जबरदस्तीने एकत्र बसवलं म्हणून नव्हे, आपणहून.

आता फेब्रुवारी १९८७. जयपूरच्या सवाई मानसिंग स्टेडियमच्या स्टँडमध्ये तुम्हाला क्षणभर उभं करतो. भारत-पाकिस्तान कसोटी चालू आहे आणि प्रेक्षकांत पाकिस्तानचे अध्यक्ष जनरल झिया-उल-हक बसलेत. हिवाळाभर राजस्थानच्या वाळूत भारतीय लष्कराचा ‘ब्रासटॅक्स’ हा प्रचंड सराव चालला होता. जानेवारीत दोन्ही सैन्यं सीमेवर समोरासमोर आली होती. विश्वचषकाला आठ महिने उरले होते. क्रिकेटने युद्ध थांबवलं असं मी म्हणणार नाही, ते थांबायला राजनयाची बरीच खटपट लागली. पण त्याच आठवड्यांत दोन्ही देशांची संयुक्त समिती बसून सामन्यांचं वेळापत्रक, विमानं, तिकिटं, हॉटेलं ठरवत होती. सैन्यं तोंडाला तोंड देऊन उभी असताना कोणीही हिशेबाच्या वह्या मिटल्या नाहीत. साळवे समितीच्या प्रमुखपदी होते आणि रोजचा गाडा जगमोहन दालमिया, इंदरजितसिंग बिंद्रा यांच्यासारखी माणसं ओढत होती.

८ ऑक्टोबरला सिंधमधल्या हैदराबादेत पहिला चेंडू पडला. आठ संघ, २७ सामने, २१ मैदानं, त्यांतली १४ भारतात आणि ७ पाकिस्तानात. पुण्याच्या नेहरू स्टेडियमलाही एक सामना मिळाला, इंग्लंड विरुद्ध श्रीलंका.

३१ ऑक्टोबर, नागपूर. इथे थांबलंच पाहिजे. साळवे यांचं गाव, सिव्हिल लाइन्समधलं विदर्भ क्रिकेट संघटनेचं मैदान. समोर न्यूझीलंड. चेतन शर्मा धावत येतो, रुदरफर्डचा त्रिफळा, स्मिथचा त्रिफळा, चॅटफिल्डचा त्रिफळा, लागोपाठच्या तीन चेंडूंवर. विश्वचषकातली ही पहिली हॅट्‌ट्रिक. पण मैदानातले लोक कागदावर वेगळाच हिशेब मांडत बसलेत. गटात पहिला यायचं तर २२२ धावा ४२.२ षटकांच्या आत करायला हव्यात. पहिला आलो तर उपांत्य सामना मुंबईत, इंग्लंडशी. दुसरा आलो तर लाहोरला, पाकिस्तानशी.

लाहोरला! हे शक्य होतं. वेळापत्रकातच छापलेलं होतं आणि कोणालाही त्यात वावगं वाटत नव्हतं. धावगती थोडी कमी पडली असती तर कपिलदेवचा संघ सामान बांधून गद्दाफी स्टेडियमवर विश्वचषकाचा उपांत्य सामना खेळायला गेला असता.

तसं झालं नाही, कारण अंगात ताप असलेल्या सुनील गावसकरांनी त्या दिवशी आयुष्यात कधी केली नव्हती अशी मारधाड केली. ८८ चेंडूंत नाबाद १०३. एकदिवसीय सामन्यातलं त्यांचं एकमेव शतक. ३२.१ षटकांत सामना संपला आणि उपांत्य फेरी वानखेडेला आली.

गुरुवार, ५ नोव्हेंबर. भल्या सकाळी काकांबरोबर निघा. त्यांच्या पुतण्याने कुठूनतरी दोन तिकिटं मिळवलीत आणि एक तुमच्या हातात आहे. जांबोरी मैदानावरून, ना. म. जोशी मार्गाच्या दिशेने, बंद गिरण्यांच्या भिंतींच्या कडेकडेने लोअर परळ स्टेशन. चर्चगेट लोकलमध्ये आज डबे घेतलेले लोक ऑफिसला निघालेत की मॅचला, कळत नाही. ट्रान्झिस्टर जवळपास प्रत्येक हातात. मरीन लाइन्स सुटलं की उजव्या हाताला स्टेडियमची पाठ दिसते आणि अख्खा डबा त्या बाजूला झुकतो.

हे स्टेडियम कसं उभं राहिलं ते काका गर्दीत रांगेत उभ्या उभ्या सांगतात, आणि ते ऐकण्यासारखं आहे. आधी कसोट्या ब्रेबोर्नवर व्हायच्या. ते मैदान क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं. मुंबई क्रिकेट संघटनेला प्रेक्षकांसाठी किती जागा द्यायच्या यावरून दोघांत वाद पेटला. संघटनेचे अध्यक्ष होते शेषराव वानखेडे, विदर्भाचेच, विधानसभेचे अध्यक्ष राहिलेले. त्यांनी चालत पाच मिनिटांवर आपलं स्वतःचं मैदान बांधायला घेतलं. शशी प्रभूंनी आराखडा केला आणि जानेवारी १९७५ मध्ये वेस्ट इंडिजविरुद्ध तिथे कसोटीसुद्धा झाली. खुर्च्या नाकारल्या म्हणून वानखेडेंनी स्टेडियम उभं केलं, आणि पास नाकारले म्हणून साळवेंनी विश्वचषक इकडे आणला. दोघांच्या हट्टाची फळं आज एका जागी आली आहेत. त्या दोघांबद्दल मला मनापासून आदर वाटतो. अपमान झाल्यावर नुसतं धुमसत बसायचं नाही, काहीतरी उभारायचं, हा त्यांचा बाणा होता.

कपिल टॉस जिंकतो आणि इंग्लंडला फलंदाजी देतो. सकाळच्या दमट हवेत चेंडू हलेल असा कयास. चेंडू फारसा हलत नाही. मग मनिंदरसिंग आणि रवी शास्त्री येतात, दोघंही डावखुरे फिरकीपटू, आणि ग्रॅहम गूच एक गुडघा टेकून बसतो. स्वीप. पुन्हा स्वीप. ऑफ स्टंपच्या बाहेरून ओढून लेगला. तुमच्या शेजारचे आजोबा, दादरच्या मैदानांवर आयुष्य गेलेले, चुकचुकतात, “अहो, हा आडव्या बॅटने खेळतोय!” पण गूचने याच फटक्याचा सराव ठरवून केलाय. फटका दिसायला ओबडधोबड आहे आणि तो थांबवायची तोड आज कोणाकडे नाही. दुसऱ्या टोकाला कर्णधार माइक गॅटिंग तेच करतोय. दोघांची ११७ धावांची भागी. गूच ११५, गॅटिंग ५६, इंग्लंड ६ बाद २५४.

सीमारेषेच्या पलीकडे नजर टाका. पांढऱ्या कपड्यांतली शाळकरी पोरं चेंडू अडवायला बसलीत. त्यांतला एक कुरळ्या केसांचा, चौदा वर्षांचा, शारदाश्रमचा विद्यार्थी, आचरेकर सरांचा शिष्य. त्याचं नाव सचिन तेंडुलकर. आज त्याच्याकडे कोणी बघत नाही. तुम्हाला ठाऊक आहे म्हणून तुम्ही बघताय, काकांना सांगू नका.

भारताचा डाव सुरू होतो तेव्हा हवेत एक बातमी फिरत असते: दिलीप वेंगसरकर खेळत नाहीयेत, पोट बिघडलंय. त्यांच्या जागी चंद्रकांत पंडित. घरच्या मैदानावर घरचा भरवशाचा माणूस नाही, ही हुरहुर. आणि मग गावसकर येतात. चिखलवाडीचा पोरगा, ताडदेवचा, वरळीहून हाकेच्या अंतरावरचा. हा त्यांचा शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना ठरणार आहे, हे तुम्हाला माहीत आहे. स्टेडियममध्ये कोणाला तसं वाटत नाही, सगळ्यांना कलकत्ता दिसतंय. चार धावा होतात. डीफ्रेटसचा चेंडू आत येतो आणि स्टंप उडतो.

इतक्या हजार माणसांचा आवाज एकाएकी बंद पडला की काय होतं ते तुम्ही पहिल्यांदाच अनुभवता. बाहेर लोकल जाते तिचा खडखडाट स्पष्ट ऐकू येतो. गावसकर वळतात, चालू लागतात. मग टाळ्या सुरू होतात, आधी एका कोपऱ्यातून, मग सगळीकडून. मुंबईने त्यांच्यावर जीव टाकला होता, रागही धरला होता, आणि निरोप देताना तिला तो निरोप आहे हे पुरतं कळलंही नाही.

पुढचे दोन तास आशेचे आहेत. अझरुद्दीन मनगटाने चेंडू वळवतोय. कपिल येतो आणि मैदान पुन्हा पेटतं. २२ चेंडूंत ३०. समोर एडी हेमिंग्स, अडतीस वर्षांचा, स्थूल, ऑफस्पिनर. गॅटिंग स्वतः डीप मिडविकेटला जाऊन उभा राहतो. सगळ्या स्टेडियमला ते दिसतं. काका उभे राहून ओरडतात, “नको रे! तिकडे नको!” कपिल तिकडेच मारतो. झेल गॅटिंगच्या हातात.

काही लोक आजही कपिलला त्या फटक्याबद्दल दोष देतात. मला ते पटत नाही. १९८३ ला याच बेधडकपणाने टनब्रिज वेल्सच्या सामन्यात आपल्याला वाचवलं होतं. तो एकीकडे हवा आणि दुसरीकडे नको, असं मागता येत नाही.

अझर ६४ वर पायचीत होतो. २०४ वर सहावा गडी पडतो, आणि शेवटच्या पाच विकेट पंधरा धावांत जातात. २१९ सर्वबाद. पस्तीस धावांनी पराभव. काका कितीतरी वेळ जागेवरून उठत नाहीत. पायऱ्यांवर शेंगदाण्याची टरफलं आणि कागदाच्या पुड्या. मागच्या रांगेतला एक मुलगा पाठीवर गुंडाळलेला कापडी फलक उलगडून बघतो आणि पुन्हा गुंडाळतो. चोवीस तासांत दोन्ही यजमान स्पर्धेबाहेर.

रविवारी कलकत्त्यात काय झालं तेही पाहा. यजमानांपैकी एकही नसताना ईडन गार्डन्स तुडुंब भरलं. ॲलन बॉर्डरच्या ऑस्ट्रेलियाने इंग्लंडला सात धावांनी हरवलं आणि बंगाली प्रेक्षकांनी ऑस्ट्रेलियाला डोक्यावर घेतलं. लॉर्ड्सला सदस्यांच्या जागा रिकाम्या होत्या, इथे आपला संघ नसूनही कोणी घरी बसलं नाही. स्पर्धा भरवता येते का, या शंकेचं उत्तर त्या गर्दीने दिलं. भारतीय आणि पाकिस्तानी अधिकाऱ्यांनी महिनाभर एकमेकांच्या शब्दावर विसंबून जग सांभाळलं होतं, आणि काहीही विपरीत घडलं नव्हतं.

ते किती नाजूक होतं, हे समजायला चार वर्षं पुढे या. ऑक्टोबर १९९१, रात्र, तेच वानखेडे. पाकिस्तानचा संघ भारतात येणार आहे. अंधारात काही शिवसैनिक आत शिरतात आणि खेळपट्टी खणून टाकतात. जिथे गूच गुडघा टेकून बसला होता, जिथून गावसकर शेवटचे परतले, ती जमीन. दौरा रद्द होतो. या शहराच्या रागाला कारणं नव्हती असं कोणी म्हणू नये. पुढे तर १९९३ चे बॉम्बस्फोट झाले, आणि २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री समुद्रातून आलेल्या दहा जणांनी याच दक्षिण मुंबईत जे केलं, ते विसरा असं सांगण्याचा अधिकार कोणालाच नाही. मलाही नाही.

मार्च २००९ मध्ये लाहोरात, गद्दाफी स्टेडियमकडे निघालेल्या श्रीलंकेच्या संघाच्या बसवर गोळीबार झाला. २०११ चा विश्वचषक भारत, श्रीलंका आणि बांगलादेशाबरोबर पाकिस्तानही भरवणार होतं. त्याचे सामने काढून घेतले गेले. २ एप्रिल २०११ ला वानखेडेवर धोनीचा षटकार गेला तेव्हा यजमानांच्या यादीत ते नाव नव्हतं. तीन दिवस आधी मोहालीत पाकिस्तान जिंकलं असतं तर अंतिम सामन्याला त्यांना मुंबईत यावं लागलं असतं, आणि त्या आठवड्यात या शक्यतेनेच कित्येकांची झोप उडाली होती. १९८७ ला याच शक्यतेसाठी लोक नवस बोलत होते.

सप्टेंबर २०२५. वरळीत पुन्हा. बीडीडीच्या काही चाळी पाडून तिथे टॉवर उभे राहिलेत आणि ऑगस्टमध्ये ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्यात. टीव्ही भिंतीवर आहे, ज्याचा त्याचा, दारापुढे चपलांचा ढीग नाही. आशिया चषकाचा यजमान कागदोपत्री भारत, सामने मात्र अमिरातीत, कारण हे दोन देश आता एकमेकांच्या घरी जात नाहीत. २८ सप्टेंबरला दुबईत भारत आणि पाकिस्तान अंतिम सामना खेळतात. काकांच्या पिढीने मनात खेळून ठेवला होता तसाच, समोरासमोर. भारत जिंकतो. हस्तांदोलन होत नाही. एप्रिलमध्ये पहलगामला माणसं मारली गेली होती, त्यांत डोंबिवलीची होती, पुण्याची होती. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांच्यासमोर खेळाची महती गायला माझी जीभ उचलणार नाही. पण त्या उंबऱ्यावर बसून तुम्ही जी हळहळ ऐकलीत, तीही याच वस्तीतली, याच माणसांची होती, हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. कोणी भाषण दिलं म्हणून ती उपजली नव्हती. स्पर्धा अर्धी त्यांची होती आणि अर्धी आपली, म्हणून त्यांचं हरणं अर्धं आपलं झालं होतं.

एक ठिकाण राहिलंय, त्यासाठी पुन्हा मागे यावं लागेल. १३ फेब्रुवारी १९९६, कोलंबो, प्रेमदासा स्टेडियम. या वेळचा विश्वचषक तीन देशांचा आहे: भारत, पाकिस्तान, श्रीलंका. ३१ जानेवारीला कोलंबोच्या मध्यवर्ती बँकेसमोर भीषण स्फोट झालाय. ऑस्ट्रेलिया आणि वेस्ट इंडिजने तिथे खेळायला नकार दिलाय. तिसऱ्या यजमानाच्या घरी जायला दोन संघ तयार नाहीत. तेव्हा उरलेले दोन यजमान एक गोष्ट करतात, जी त्याआधी कधी झाली नव्हती. ते एकच संघ बनवतात. कर्णधार अझरुद्दीन. संघात वसीम अक्रम, वकार युनूस, अनिल कुंबळे, सचिन तेंडुलकर.

स्टँडमध्ये जागा मिळेल तिथे बसा. लंकेचे लोक पाहुण्यांच्या संघासाठी टाळ्या वाजवतायत. अक्रम धावत येतो. समोर कालुवितरणा. चेंडू उडतो, आणि वानखेडेच्या सीमारेषेवर चेंडू अडवणारा तो मुलगा, आता बावीस वर्षांचा, झेल घेतो. धावफलक लिहिणारा माणूस एक ओळ लिहितो. झेल तेंडुलकर, गोलंदाज अक्रम.